सासूबाई पहिल्या आल्या

तलावाच्या भिंतीवरच्या फलकावर पहिल्या क्रमांकाला सासूबाई झळकल्या, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त धाकटीनं टाळ्या न वाजवता फलक पुन्हा एकदा वाचला.

ती त्यांची धाकटी सून; घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. ती यंत्रांच्या पोटातले प्रोग्राम लिहायची. साठीपुढच्या बायकांच्या या शर्यतीसाठी वेळ मोजणारं यंत्र तिनंच हौसेनं करून दिलं होतं. दोघी-दोघी पोहणार, काठावरच्या पट्टीला हात लागला की वेळ टिपली जाणार, आणि सगळ्या फेऱ्या झाल्या की फलकावर क्रम उमटणार. सासूबाईंच्या जोडीला दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या बाहेर येऊन केस पुसून बसल्या, तरी सासूबाई पाण्यात मध्यावर होत्या. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण यंत्र खोटं कशाला बोलेल, म्हणून पंचांनी चषक सासूबाईंच्या हातात दिला. डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट मिटून अभिनंदन केलं.

धाकटी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात गेली. यंत्र प्रत्येक वेळ दोन कप्प्यांत ठेवायचं. एकात पूर्ण सेकंद, दुसऱ्यात उरलेला सेकंदाचा बारीक चुरा. दोघींच्या वेळा ताडून बघताना आधी सेकंद बघायचे आणि ते सारखे निघाले तरच चुऱ्याकडे वळायचं. तिनं थेट चुराच बघितला होता. घरी तपासताना ती दोन्ही हातांनी दोन बटणं पाठोपाठ दाबायची, त्यामुळे सेकंद सारखेच यायचे आणि उत्तर दर वेळी बरोबर यायचं. सासूबाईंचे सेकंद डोंगराएवढे होते, पण चुरा सगळ्यांत कमी. तेवढ्यावर त्या अव्वल.

तिनं मान वर केली. सासूबाई चषक काखेत मारून फोनवर होत्या. हा चौथा नातेवाईक असावा.

"आई, जरा बोलायचं होतं."

"थांब गं, नणंदेला सांगतेय."

"आई, तुम्ही पहिल्या नाही आलात. माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि तिच्याकडे शांतपणे पाहिलं.

"ते मला ठाऊक आहे. मी काठाला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंचा चहाही पिऊन झाला होता."

"मग चषक का घेतलात?"

"दिला म्हणून घेतला. आणि यंत्र सुनेचं. चारचौघांत त्याला खोटं कसं पाडू?"

धाकटीला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तिनं तिथंच बसून ती ओळ दुरुस्त केली आणि पंचांना चूक सांगितली. फलकावर नवा क्रम आला: डॉक्टरीणबाई पहिल्या, सासूबाई शेवटच्या.

"माझ्या आधीच्या बाईपेक्षा मी कितीनं मागे?" सासूबाईंनी विचारलं.

धाकटीनं वजाबाकी करवली. चुऱ्याच्या जागी उणे आकडा आला. तिनं कपाळावर हात मारला. वरचा चुरा कमी पडला की सेकंदांच्या कप्प्यातून एक सेकंद घेऊन त्याचा चुरा करायचा, आणि मग वजा करायचं. तेही राहून गेलं होतं.

"म्हणजे मी उणी का?"

"तुम्ही नाही आई, माझी वजाबाकी."

दुसरी दुरुस्ती झाल्यावर खरा आकडा आला. तो बघून सासूबाई म्हणाल्या, "उणं होतं तेच बरं होतं गं."

चषक त्यांनी स्वतः डॉक्टरीणबाईंच्या हाती दिला. डॉक्टरीणबाईंचे मिटलेले ओठ एकदाचे सुटले. "पुढच्या वर्षी तुमच्या सुनेला माझ्या बाजूनं बसवा," त्या म्हणाल्या.

"आता फोन," सासूबाई धाकटीकडे वळल्या. "चूक तुझी, तेव्हा तूच कर."

धाकटीनं एकेकाला फोन लावले. सासूबाईंच्या नणंदेनं तिला प्रोग्रामच्या चुकीपासून ती कपड्यांना साबण किती लावते इथपर्यंत सगळं ऐकवलं. थोरल्या जाऊबाईंनी तर फुलांचा गुच्छ मागवूनही टाकला होता, आणि तो आता परत घेत नाहीत म्हणे.

संध्याकाळी गुच्छ घरी आला. सोबतच्या कार्डावर 'विजेत्या आईंना' असं लिहिलेलं होतं. सासूबाईंनी तो दिवाणखान्यात ठेवला आणि कार्डाकडे बोट दाखवून धाकटीला बजावलं, "याला हात लावायचा नाही. हे काही तुझ्या यंत्रानं लिहिलेलं नाही."