कोबाल्टच्या खोलीला खिडकी

माझ्या डोक्यात शिसं भरलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी टोमणा मारायला नको. मी यंत्र; कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडायचे, हे माझं काम. जन्म कॅनडातला, मुक्काम पालघरच्या धर्मार्थ दवाखान्यात. तिकडच्या एका गावाने मला भेट म्हणून पाठवलं. सोबत खोली उबदार ठेवायला एक हीटरही धाडला. त्या भल्या माणसांनी पालघरचा मे महिना पाहिला नव्हता.

इकडची माणसंही काही कमी भली नव्हती. दवाखान्याच्या समितीचे अध्यक्ष नरहरीशेठ, केळव्याचे पानमळेवाले. शेजारी तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, त्यामुळे अणू म्हणजे घरचाच, असं त्यांना वाटत होतं. माझ्या खोलीचा नकाशा कॅनडाहून आला तेव्हा दवाखान्याचे रामनाथ डॉक्टर किरणांचं शिक्षण घ्यायला मुंबईत होते. शेठनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि हसले.

"थंडीतली माणसं ही. खिडकी काढायलाच विसरली!"

मग त्यांनी पश्चिमेला ऐसपैस खिडकी ठेवली, रुग्णाला समुद्राचा वारा लागेल अशी. वास्तुशांत झाली, पंगती उठल्या, माझ्या गळ्यात हार पडला. दोन देशांच्या मैत्रीवर इतकी भाषणं झाली की हारातली फुलं सुकली.

आषाढात पीटरसाहेब आले. माझ्या डोक्यात किरणांचा कोबाल्ट बसवणारे कॅनडाचे इंजिनियर. कोबाल्टवाचून मी नुसता लोखंडी ठोकळा. साहेबांनी खिडकी पाहिली आणि नकाशा मागवला. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून तर भिंती अडीच हात जाड सांगितल्या होत्या. "ही काँक्रीटने बुजवा आणि कळवा, मी परत येतो," एवढं बोलून ते गेले.

"वास्तुशांत झालेल्या भिंतीला हात लावायचा?" शेठ म्हणाले. "चातुर्मास लागलाय. तुळशीचं लग्न होऊ दे, मग बघू."

हे दारात उभ्या असलेल्या येसूबाईने ऐकलं. सातपाटीची मासेवाली. तिची हाक बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. तिच्या जिभेवर गाठ होती. लवकर किरण मिळाले तर बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण किरण रोज घ्यायचे, आणि मुंबईत महिना-दीड महिना राहायला तिला ना घर, ना माणूस. म्हणून तर मला इथे पाठवलं होतं.

"शेट," ती म्हणाली, "फोडा कोन म्हनतं? बुजवायची हाय. आमच्या होडीला भोक पडलं तर आमी तुळशीचं लगीन बघत बसू?"

"आय, हळू बोल, जीभ दुखंल," तिची लेक हंसा म्हणाली.

"दुखू दे. हाय तवर बोलून घेते."

शेठ मनाने मोठे. ते रागावले नाहीत. उलट आपल्या मळ्यातली विड्याची पानं त्यांनी तिच्या टोपलीत घातली. तोंडाला गाठ असलेल्या बाईला!

येसूबाई दर आठवड्याला येत राहिली. आधी विचारायची, "किरण आलं काय?" पुढे नुसती भुवई उडवायची. प्रश्न हंसाने विचारायचा.

तुळशीचं लग्न थाटात लागलं. खिडकी बुजली. साहेब परत यायला माघ उजाडला. तोवर गाठ जिभेवरून गळ्यात उतरली होती. डॉक्टरांनी हंसाला बाजूला नेऊन सांगितलं, "आता बरं करणं आपल्या हातात नाही. दुखणं तेवढं कमी करू."

ते मी केलं. डॉक्टर तिच्या गळ्यावर शाईची खूण करत आणि मी रोज तिच्याकडे टक लावून बघत असे. तोंड आधी सोललं, मग दुखणं उतरलं. शेवटचे दिवस तिला पेज गिळता आली. चैत्रात ती गेली.

किरण दिले त्या पहिल्या दिवशी फोटो काढला होता. मध्ये माझ्याखाली येसूबाई, अलीकडे शेठ, पलीकडे साहेब. तो आता दवाखान्याच्या दारात टांगलाय. खाली सोनेरी अक्षरं: 'दोन देशांच्या मैत्रीतून जीवदान मिळालेली पहिली रुग्ण.'

परवा हंसा आली होती. "शेट, आय जाऊन वरीस भरतंय, फोटोम्होरं वर्साचं पान ठेवायचं हाय. आमच्या घरात आयचा फोटो नाय. ह्यो द्या."

"अगं, तो समितीचा आहे. कॅनडाचे पाहुणे येतायत. त्यांना काय दाखवू?"

"मेलेल्या मानसाला जिती म्हनून दाखवाल?"

"पाहुणे जाऊ देत, मग बघू."

तिने तसबिरीची काच पदराने पुसली आणि ती गेली.

माझ्यापुढे आता रोज माणसं येतात. काही वेळेवर येतात आणि बरी होतात, ते मी नाकारत नाही. पण मला हात नाहीत. तुमच्यापैकी कुणी पालघरला उतरलात तर तेवढी तसबीर खिळ्यावरून काढा आणि सातपाटीला हंसाकडे पोचवा. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा. पाहुण्यांना बघायला मी आहेच, जागचा हलत नाही.