धुलाईघरामागची भिंत

मी एक जुनी विटांची भिंत आहे, आणि माझी तक्रार वेंडेल ऑस्टरहाउटबद्दल आहे. हा माणूस हल्ली माझ्यासमोरून जात नाही. कॉलेजच्या जेवणघराकडून मैदानावर जायला माझ्यासमोरची वाट जवळची. पण तो दुखरा गुडघा धरून, लंगडत चढ चढतो आणि ग्रंथालयाला वळसा घालून जातो. कशासाठी, तर माझं तोंड दिसू नये म्हणून. मी काय त्याला खाणार आहे? आज दुपारी आला तोसुद्धा बोलावणं आलं म्हणून. आपल्या पायानं नाही. मित्रांनो, ज्याची उभी कारकीर्द माझ्यासमोर झाली त्यानं मला टाळावं, हे माझ्या पचनी पडत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझ्या विटा नदीकाठच्या भट्टीत भाजल्या. मला बांधलं साल्वातोरे नावाच्या गवंड्यानं. फार तोंडाळ माणूस, पण हात सोन्यासारखा. प्रत्येक थराला ओळंबा लावायचा आणि जरा फरक दिसला की हाताखालच्या माणसांच्या सात पिढ्या काढायचा. काम संपल्यावर त्यानं माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाला, "ही म्हातारी होईल, पण वाकायची नाही." मी वाकले नाही. हे मी गर्वानं सांगते. गर्व करण्यासारखं असेल तर माणसानं का लाजावं, आणि भिंतीनं तरी का?

माझ्या पाठीशी कॉलेजचं धुलाईघर होतं. आत वाफ, चादरींचे ढीग, इस्त्र्या आणि बायकांच्या गप्पा. तोंड मात्र उत्तरेला, ओसाड जमिनीकडे. सरोवरावरून येणारं वारं आत शिरू नये म्हणून मला एकही खिडकी ठेवली नव्हती. तेव्हा पाठीला सगळा संसार आणि डोळ्यांसमोर बर्फ, असे माझे दिवस चालले होते. घरात लग्न असावं आणि आपल्याला मागच्या दारी बसवावं, तसं वाटायचं. आतले विनोद मला निम्मेच ऐकू यायचे. हसायचं कुणाबरोबर, ते कळायचं नाही.

मग एका मार्चमध्ये वेंडेल आला. तरणाताठा, नाक थंडीनं लाल, हातात काठी. ही चालण्याची काठी नव्हे. लॅक्रॉसच्या काठीला टोकाशी जाळीची ओंजळ असते. तिच्यात कडक रबरी चेंडू झेलायचा आणि तिच्यातूनच फेकायचा. त्यानं चेंडू माझ्यावर मारला. मी परत दिला. त्यानं पुन्हा मारला. मी पुन्हा दिला. इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर कुणी पहिल्यांदाच काही बोललं होतं, असं समजा.

धुलाईघराची मुख्य बर्नाडेट ओल्या हातांनी बाहेर आली.

"ए पोरा! आत माझ्या इस्त्र्या नाचतायत. दुसरी भिंत मिळाली नाही तुला?"

"बाकी सगळ्या भिंतींना खिडक्या आहेत हो, बाई."

"आणि तू कोण म्हणायचा?"

"लॅक्रॉसचा कोच."

"असं? मग टीम कुठंय?"

"अजून नाही."

बर्नाडेटनं आजूबाजूला पाहिलं. बर्फ, तो आणि मी. "म्हणजे शिकवतोस कुणाला? भिंतीला?"

"छे हो, तीच मला शिकवतेय."

बर्नाडेटला हे उत्तर आवडलं असावं. तिनं आत जाऊन त्याच्यासाठी कॉफी पाठवली आणि इस्त्र्या दुसऱ्या भिंतीकडे सरकवल्या.

त्याला कॉलेजात मुलांची टीम उभी करायची होती. चांगलं मैदान फुटबॉलवाल्यांचं. याला मिळाली ही माझ्यासमोरची ओसाड जागा. पोरंही तशीच मिळाली. फुटबॉलनं नाकारलेली, पोहण्याला कंटाळलेली. बहुतेकांनी काठी कधी हातात धरली नव्हती. खरा खेळणारा एकच होता, ओरिन डॉक्सटेटर. तो ओनायडा लोकांतला, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतला. त्यांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा खेळ. पाळण्यातल्या पोराशेजारी काठी ठेवणारी माणसं ती. ओरिनची काठी आजोबांनी हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवून केलेली होती. पहिल्या दिवशी तो मला टेकून सगळ्यांची पळापळ बघत राहिला.

"कोच," तो शेवटी म्हणाला, "ही टीम नाही. हा अपघात आहे."

"मग तू कर्णधार हो."

"अपघाताचा?"

"कुणीतरी व्हायलाच हवं ना."

झाला. पहिल्या वर्षी सगळ्या मॅच हरले. ओरिनची आई मोठ्या पातेल्यात मक्याचं सूप घेऊन यायची आणि हरलेल्या पोरांना वाढताना म्हणायची, "खा. धावला तर आहात." पोरं माझ्यासमोर बसून ते सूप प्यायची. मी कुणाला खोटं कौतुक दिलं नाही. चेंडू वाकडा माराल तर वाकडाच येईल, सरळ माराल तर सरळ. डाव्या हातानं झेलता येईना तोवर वेंडेल कुणाला माझ्यापुढून हलू द्यायचा नाही. बोटं सुजायची. आया-बापांना पत्रांत काय लिहायची कोण जाणे. मला अक्षरओळख नाही. माझ्या अंगावरही त्यांनी खडूनं पुष्कळ काही लिहिलं. ते वाचता येत नाही हेच बरं, असं बर्नाडेट म्हणायची.

वेंडेलची एक रीत होती, आणि त्या रीतीसाठी मी त्याला मानत होते. दर शरदात टीम निवडायची वेळ यायची. दुसरीकडे म्हणे दारावर नावं लावून कोच घरी निघून जातात. वेंडेल तसं करायचा नाही. ज्याला घ्यायचं नाही त्याला तो माझ्यापाशी घेऊन यायचा. दोघं आळीपाळीनं चेंडू मारायचे, आणि खेळता खेळता तो सांगायचा, "बाबा रे, यंदा तू टीममध्ये नाहीस. का नाहीस, ते सांगतो." हात कामात असले की रडू जरा लांब राहतं. कुणी शिव्या द्यायचं, कुणी काठी आपटायचं. एक जण तर माझ्यावरच थुंकला. पण जाताना प्रत्येकानं वेंडेलशी हात मिळवला. "भिंतीपाशी ये," असा निरोप आला की त्याचा अर्थ पोराला कळायचा. तरी न येणारा एकही निघाला नाही.

मग दिवस पालटले. टीम जिंकायला लागली. लांबलांबची पोरं येऊ लागली. ओरिनचं शिक्षण संपलं आणि तो मदतनीस कोच म्हणून राहिला. मैदानावर चुन्याच्या रेघा तो मारायचा, बस तो चालवायचा, जाळ्या तो विणायचा. आजारी पोराला दवाखान्यात तो न्यायचा आणि घरची आठवण येऊन रडणाऱ्याला आईच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवायचा. वर्तमानपत्रात फोटो वेंडेलचा. त्याबद्दल ओरिन कधी बोलला नाही. दोघं माझ्यासमोर उभे राहून उद्याच्या मॅचचं ठरवायचे, तेव्हा मीही त्यांच्यातली तिसरी, असं मला वाटायचं.

पुढं कुणा श्रीमंत माजी विद्यार्थ्यानं काचेचा, मैदानाएवढा मोठा हॉल बांधून दिला. आत हिरवं गवत, तेही खोटं. भिंतीही आहेत, पण त्यांना मऊ गाद्या लावल्यात म्हणे. गादीवर मारलेला चेंडू परत तरी काय येणार? पण पोरं तिकडं गेली. धुलाईघर बंद झालं. चादरी आता मोटारीनं गावाबाहेर जातात. बर्नाडेटही गेली. आता पाठीला गप्पा नाहीत आणि तोंडासमोर चेंडू नाही. अंगावर शेवाळ चढलं, सांध्यातला चुना गळू लागला. मित्रांनो, दुखणं सोसवतं. कुणाला आपली गरज नाही, हे मात्र सकाळ-संध्याकाळ नव्यानं समजावं लागतं. हॉलच्या दिशेनं ओरडा ऐकू आला की मी मनात म्हणायची, हा जिंकल्याचा असावा.

तोवर वेंडेलचा गुडघा गेला होता. यंदा तो काम सोडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या जागी कोण, हेही सगळ्यांना ठाऊक होतं असं मी धरून चालले होते. आणि मग हा माणूस ग्रंथालयाला वळसे घालू लागला.

आज दुपारी ओरिन आला. एकटाच. हातात आजोबांची तीच काठी. केस पिकलेत आता त्याचे. माझ्यावरचं शेवाळ त्यानं बुटानं खरवडलं आणि चेंडू मारला. पहिले काही मला नीट परत देता आले नाहीत.

"चल गं म्हातारे," तो म्हणाला, "मीही आखडलोय."

थोड्या वेळानं कोपऱ्यावरून वेंडेल आला, काठी घेऊन. ओरिननंच निरोप पाठवला होता: भिंतीपाशी या.

"बोलावलंस?"

"हो, कोच. झेला."

वेंडेलनं झेलला, मारला. ओरिननं झेलला.

"तुमच्या त्या ब्रँटचा मला फोन आला होता," ओरिन म्हणाला. "सामानाच्या खोलीची किल्ली कुठं असते, विचारत होता. मी म्हटलं, आपण कोण? तर म्हणतो, नवा मुख्य कोच. ऑस्टरहाउटसाहेब बोलले नाहीत का तुमच्याशी?"

चेंडू माझ्यावर आदळला, परत गेला.

"मी सांगणार होतो, ओरिन."

"कधी? किल्ली दिल्यावर?"

"तू चिडलायस."

"चिडलो होतो. राग मनात धरून काठीला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची शिकवण. म्हणून इतके दिवस लाकडं फोडत होतो. आईला दोन हिवाळे पुरतील एवढी झालीत. आज राग नाही, म्हणून आलो."

वेंडेल हसला नाही. "कॉलेजवाल्यांनी मला पुढच्या कोचचं नाव विचारलं. ब्रँट मोठ्या विद्यापीठातला. त्याच्या नावावर चांगली पोरं येतील. टीमचं बघायला नको का?"

"माझं नाव घेतलं होतंत?"

चेंडू वेंडेलच्या जाळीला लागून खाली पडला. त्यानं तो उचलला नाही.

"मला वाटलं, तू कुठं जातोयस? तू आहेसच. ब्रँटला मी तेच सांगितलं. म्हटलं, ओरिन आहे तोवर काळजी करू नकोस, तो सगळं सांभाळतो."

"म्हणजे काठ्या, हेल्मेटं आणि ओरिन. सगळं सामानाच्या खोलीतलं."

"तसं नाही रे."

"कोच, मी जागा मागायला बोलावलं नाही. ती गेली. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. नुकत्याच आलेल्या कोवळ्या पोरालाही तुम्ही इथं आणून सांगायचात ना, 'तू नाहीस, आणि का नाहीस'? तेवढंच. सांगा, मी जातो."

वारा पडला होता. मला वाटलं, आता बोलेल. तोंड उघडलंही त्यानं.

"गुडघा फार दुखतोय आज," वेंडेल म्हणाला.

ओरिननं त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून चेंडू उचलला, वेंडेलच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली. "किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला आहे. ब्रँटला सांगा. आमच्या वस्तीतली पोरं कधीची मागं लागलीत शिकवा म्हणून. त्यांच्याकडे जातो आता." आणि तो गाडीतळाच्या वाटेनं निघाला. मागं वळला नाही.

मित्रांनो, जुन्या भिंतीची डागडुजी करायला गवंडी मिळतो. चुना भरला की झालं. जुनं माणूस तडकलं तर बाहेरून काही आणून भरता येत नाही. ज्यानं तडा दिला त्यालाच जावं लागतं. तुमच्या कामांमागं जो कुणी मुकाट्यानं उभा असेल, त्याला वेळेवर विचारा. नंतर विचारू म्हणू नका.

वेंडेल एकटाच उरला. जवळ आला, माझ्यावर हात टेकला. हात गार होता.

"तू तरी काही बोल," तो मला म्हणाला.

बोलले मी. मोठ्यानं बोलले. त्याला ऐकू गेलं की नाही, तो त्याचा प्रश्न.

"वेंडेल, मी भिंत आहे. मारलेलं परत द्यायचं आणि जागा सोडायची नाही, एवढंच मला येतं, आणि त्याचा मी कधी हिशेब मागितला नाही. ओरिन भिंत नव्हता रे. तू त्याला तसा वापरलास, आणि उद्याच्या माणसालाही तसाच देऊन टाकलास. टीम तू उभी केलीस, कबूल. पण या मैदानावर सगळ्यांत भित्रा खेळाडू कोण निघाला, ते आज मी पाहिलं. गुडघ्याचं मला सांगू नकोस. ओरिन अजून गाडीपाशी पोचला नसेल. लंगडत जा, रांगत जा, पण जा."