सातची गाडी चुकवणाऱ्याची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. लोक हार्मोनियमही म्हणतात. माझ्याकडून गोड आठवणींची अपेक्षा ठेवू नका. ज्या माणसाने मला पस्तीस वर्षांहून अधिक काळ बाळगलं, त्याचा मला राग आहे. तो का आहे, ते क्रमाने सांगते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. सूर देणाऱ्या पितळी जिभल्या तिथला कारागीर कानाने जुळवायचा. एखादी केसभर जास्त घासली गेली तर ती फेकून द्यायचा. माझी पट्ट्यांची फळी सरकणारी आहे. खटका ओढून ती एकेक घर पुढे-मागे नेता येते. मग वाजवणाऱ्याची बोटं तीच राहतात आणि सूर तेवढा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे वर किंवा खाली जातो.

मानवतचे भुसार व्यापारी लिंगराज यांनी मला त्यांच्या मुलासाठी, राजेश्वरसाठी आणलं. राजेश्वरचा हात चांगला होता, हे मी रागातही मान्य करते. तो चोवीस वर्षांचा असताना एका संगीत नाटक मंडळीचं पत्र आलं, साथीला या म्हणून. लिंगराज म्हणाले, "जायचं तर जा. दुकान काय पळून चाललंय का?"

सकाळी सातच्या गाडीने परभणी गाठायची आणि पुढे रेल्वेने जायचं ठरलं. पिशवी भरलेली होती. मला चादरीत बांधून ठेवलं होतं. साडेसहाला त्याने गाठ सोडली आणि तो वाजवत बसला. सात वाजले, आठ वाजले. दार उघडंच होतं. त्याला कुणी थांबवलं नाही. त्याचे तळहात इतके ओले होते की माझ्या पट्ट्या चिकट झाल्या. साडेआठला त्याने मला पुन्हा चादरीत बांधलं.

आठ महिन्यांनी पालमच्या सिद्धम्माशी त्याचं लग्न झालं.

त्यानंतर वर्षभरात ही हकिकत बदलली. पाहुणे आले की तो मला कपाटावरून उतरवायचा, फडका मारायचा, दोन ओळी वाजवायचा आणि म्हणायचा, "मोठ्या मंडळीत जाणार होतो मी. पर ही आली गळ्यात. मग कुठली गाडी न् कुठलं काय!" पाहुणे हसायचे. सिद्धम्मा आत चहा गाळत असायची. तिला सगळं ऐकू जायचं. पाहुणे गेले की मी परत कपाटावर. तिथे उंदरांनी माझा भाता कुरतडला, दोन जिभल्या हिरव्या पडल्या. मी वाद्य होते. त्याने माझा पुरावा केला, आणि तोही खोटा.

त्याची धाकटी मुलगी त्रिवेणी परभणीच्या कृषी विद्यापीठात बियाण्यांवर काम करते. गेल्या वर्षी घरातली ट्रंक आवरताना तिला मंडळीचं ते पत्र मिळालं आणि आईबापाची लग्नपत्रिकाही. तिने दोन्हींवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग तिने एक संगीत नाटक लिहिलं, 'सातची गाडी'. पहिल्या अंकात नायक गाडी पकडतो. दुसऱ्या अंकात तोच नायक गाडी चुकवतो, दुकानात बसतो, लग्न करतो. बायकोचं काम त्रिवेणीने स्वतःकडे ठेवलं. पेटीच्या साथीला वडील. माझा भाता नवा झाला, जिभल्या साफ झाल्या.

घरातच पहिल्या अंकाच्या तालमी चालू होत्या तोवर राजेश्वर खुशीत होता. मग दुसऱ्या अंकातलं बायकोचं पद आलं:

कुणी अडवली नव्हती वाट, कुणी धरला नव्हता हात,
सातची गाडी सुटली तेव्हा मी कुठं होते मानवतात?

राजेश्वरने भात्यावरचा हात काढला. "हे कुणी लिवलं?"

"मी, अप्पा."

"काढून टाक."

"तारखा चुकल्या असतील तर काढते. चुकल्यात का?"

"बापाला शाळा शिकवायलीस?"

तबल्यावर सिद्धोधन नावाचा तरुण होता. तो म्हणाला, "अप्पा, पद तर लय झ्याक हाय."

"तू तुझ्या ठोक्याचं बघ!"

चहा घेऊन आलेली सिद्धम्मा कपबशा खाली ठेवत म्हणाली, "राहू द्या की. इतकी वर्षं तुमी बोललाव, मी ऐकलं. एकदा तुमी ऐका."

"चार लोकांत माझी अब्रू काढायलाव तुमी मायलेकी."

"माझी काढत होतात तवा किती लोक असायचे, मोजले होते का?"

त्या दिवसापासून घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं. पद तसंच राहिलं, आणि राजेश्वरही साथीला बसत राहिला.

प्रयोग परभणीच्या एका सभागृहात झाला. सिद्धम्मा तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या आजूबाजूला तेच नातेवाईक होते, जे माझ्यासमोर बसून हसले होते. पहिला अंक राजेश्वरने असा वाजवला की मलाच माझा आवाज नवा वाटला.

मध्यंतरात सिद्धोधनने तबला त्रिवेणीच्या गळ्याला सोसणाऱ्या सुराला, म्हणजे पांढरी पाचला, लावला आणि तो पाणी प्यायला गेला. राजेश्वरने इकडेतिकडे पाहिलं, माझा खटका ओढला आणि फळी दोन घरं वर सरकवली. त्या उंचीवर पदाची वरची जागा त्रिवेणीच्या गळ्यात बसत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. गाणाऱ्याने पेटीचा सूर घ्यायचा, रंगमंचावर पेटीवाल्याशी वाद घालायचा नाही, ही रीत त्यानेच तिला शिकवली होती. बाप मुलीचं गाणं पाडायला निघाला होता, आणि हत्यार मी होते. दाबली की वाजते, याहून मला दुसरं काही येत नाही.

पण घाईत तो तबला विसरला.

पदाची वेळ आली. त्याने सूर दिला. सिद्धोधनने पहिला ठोका मारला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. तबला एक सांगत होता, मी दुसरं. त्रिवेणीने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिने वडिलांकडे पाहिलं. मग तळहात उभा करून तिने पेटी थांबवली आणि सिद्धोधनला म्हणाली, "परत दे." त्याने ठोका दिला. तिने सूर त्याच्याकडून घेतला आणि पेटीशिवाय पद म्हटलं, सावकाश, एकही शब्द न गिळता. दुसऱ्या ओळीला तिसऱ्या रांगेतल्या माना सिद्धम्माकडे वळल्या. कुणी हसलं नाही.

राजेश्वरची बोटं माझ्यावर होती. तळहात पुन्हा ओले झाले होते.

प्रयोग संपल्यावर सिद्धम्मा पायऱ्या चढून वर आली. तो मला झाकत होता.

"पेटी राहू द्या. पोरगी नेईल तिच्या खोलीवर."

"माझी हाय ती."

"तुमचीच. पर घरात न्हाई यायची आता. पाहुणे आले तर त्यांना नुसता चहा देऊ."

त्याने झाकण सोडलं.

मित्रांनो, पेटीला ओल लागू देऊ नका. भाता जोराने ओढू नका. रोज थोडा वेळ तरी वाजवा, आणि वाजवायची नसेल तर वाजवणाऱ्याला देऊन टाका. आम्ही यापलीकडे काही मागत नाही. तुमची गाडी चुकली असेल तर ती तुमची तुम्ही चुकवली असं म्हणा. घरातल्या बाईवर फिर्याद करायला मात्र पेटी उघडू नका.