हार घातलेला फोटो

आमचे हे, म्हणजे निवृत्ती सर, देवळाली कॅम्पात कराटे शिकवायचे. घरात भाजीला मीठ कमी पडलं तरी चालायचं, पण वर्गाचा नियम मोडलेला खपायचा नाही. ब्लॅक बेल्ट मिळाल्याशिवाय कोणी दुसऱ्याला शिकवायचं नाही, असा शब्द त्यांनी आपल्या गुरूंना दिला होता. गुरू वारले, पण वर्ग सुरू व्हायचा तो त्यांच्या फोटोला वाकूनच.

आणि अठ्ठ्याण्णव साली कळलं, की मोहिनी मखमलाबादला बायकांना शिकवते. मोहिनी अजून ब्राउन बेल्ट, पण यांची सर्वांत लाडकी. यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा बेल्ट काढून घ्यायचा, नावच कमी करायचं, म्हणत स्कूटर बाहेर काढली. मीही मागे बसले. त्या पोरीवर माझा जीव होता, आणि यांच्या तोंडाचा मला भरवसा नव्हता.

मळ्यातल्या शेडमध्ये फुलं पिकवणाऱ्या बायका पदर खोचून उभ्या होत्या. पहाटे अंधारात टोपल्या घेऊन फुलबाजाराला निघताना दारुडे आडवे यायचे, म्हणून त्या शिकत होत्या. आम्ही दारात पोचलो तेव्हा त्या भिंतीवरच्या फोटोला वाकत होत्या. फोटो यांचा होता. त्यावर झेंडूचा ताजा हार होता.

उलगडा नंतर झाला. मोहिनीने आमच्या वर्गासारखाच फोटो लावलेला. भिंतीवरच्या फोटोला नमस्कार, म्हणजे माणूस गेलेला, असं बायकांनी धरलं. हार काय, फुलं घरचीच. त्यांना खरं सांगायचा मोहिनीला धीर झाला नव्हता.

फोटोत यांना भरघोस केस होते, त्यामुळे ओळखलं कुणीच नाही. विठाबाई नावाच्या म्हातारीने कौतुकाने सांगितलं, "हे आमचे मोठे सर. लय देवमाणूस व्हते. आज असते तर सोता आले असते आमाला शिकवाया."

यांची मान खाली गेली. मोहिनी डोळे पुसत बेल्टची गाठ सोडू लागली, मग हार काढायला धावली. यांनी तिचा हात धरला.

"राहू दे तो हार," ते हळू आवाजात म्हणाले. "मी जिवंत असलो तर मला हा वर्ग बंद करावा लागेल. बेल्ट बांध."

मग बायकांच्या मागे उभे राहून ते स्वतःच्याच फोटोला वाकले. मला रडू फुटलं. पण मी काही हात जोडले नाहीत, मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून उभी राहिले.