मृत्युपत्रातली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे हं, सलूनमधली! माझ्या पायाशी लोखंडी पेडल आहे. ते दाबले की मी गिऱ्हाइकाला अलगद वर उचलते. मान मागे टाकली की भल्याभल्यांना डुलकी लागते. किती जण माझ्या कुशीत झोपले म्हणून सांगू! त्यांची स्वप्ने माझ्या चामड्यात मुरली आहेत. दुपारी सलून रिकामे असले, आरशात पडदा हलत असला, की ती एकेक करून माझ्यापुढून तरंगत जात.

माझे मालक कात्रीकाका. लहान मूल आले की ते माझ्या हातांवर एक फळी आडवी टाकत, त्याला तिच्यावर बसवत आणि मोठ्या माणसाला विचारावे तसे विचारत, "बोला साहेब, कसे कापू?" मूल लाजून चूर व्हायचे. मीही मनातल्या मनात हसत असे.

काका अधूनमधून बालगृहात, म्हणजे आईबाप नसलेल्या मुलांच्या घरी, फुकट केस कापायला जात. एकदा आपल्या मुलाला म्हणाले, "अरे, तिथे सगळ्यांना जमिनीवर ओळीने बसवतात आणि सरसकट बारीक करा म्हणतात. त्या लेकरांना कुणी काही विचारतच नाही रे."

पुढे काका गेले. मृत्युपत्र, म्हणजे आपल्यामागे आपल्या वस्तूंचे काय करायचे ते सांगणारा कागद, वकिलांनी वाचून दाखवले. सलून मुलाला. खुर्ची मात्र बालगृहाला, फळीसकट!

काकांच्या मुलाचे तोंड उतरले. "लोक या खुर्चीसाठी तर येतात! तीच दिली तर मी काय करू?" मला वापरायला त्याचे मन धजेना आणि द्यायला हात होईना. मी चादरीखाली कोपऱ्यात पडून राहिले. काकांचा आवाज आठवून फार रडू येई. शेवटी सूनबाईच म्हणाली, "अहो, बाबांची शेवटची इच्छा अशी किती दिवस झाकून ठेवायची?"

एका सकाळी टेम्पो आला. बालगृहाच्या व्हरांड्यात मला उतरवून काकांचा मुलगा निघणार, तोच एक चिमुरडी थेट फळीवर चढून बसली. त्याने सवयीने पेडल दाबले. ती वर वर गेली. समोरच्या खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. आणि त्याच्या तोंडून नकळत निघून गेले, "बोला बाईसाहेब, कसे कापू?"

ती कितीतरी वेळ काचेत पाहत राहिली.

"कापू नका," ती हळूच म्हणाली. "मला वेणी घालायचीय."

त्याने खिशातला कंगवा काढला आणि तिच्या बोटभर केसांतून हलकेच फिरवला. "बरं," तो म्हणाला. "किती वाढले ते बघायला येत जाईन."

मित्रांनो, आता माझे पेडल कुरकुरते. कुणी दोन थेंब तेल घातले तर बरे वाटते. पण तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझा एक निरोप सांगा. आपल्यामागे कुणाला काय द्यायचे ते लिहाल, तेव्हा एखादी चीज, अगदी जीव लावलेली, ज्यांना कुणी नाही त्यांच्याही नावे लिहा.

काकांचा मुलगा अजून येतो. त्या चिमुरडीला आता फळी लागत नाही. ती मागे टेकून बसते, तेव्हा तिची वेणी माझ्या पाठीवर रुळते.