उजव्या बाजूचा आरसा

कुशावर्ताने पुढच्या चाकावर अंगठा दाबला. रबर जेमतेम दबले आणि परत आले, तशी ती मागच्या चाकाकडे वळली. मग साखळीचा झोल, मग दोन्ही ब्रेक, मग टाकीला कान लावून गाडी हलवणे. आत पेट्रोल डुचमळले. आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाया तपासतानाही तिला एवढा वेळ लागत नसे. पण काकासाहेबाने, तिच्या नवऱ्याने, तिला गाडी शिकवली होती तीच या क्रमाने. गाडीला विचारल्याशिवाय तिच्यावर बसायचं नाय, असे तो म्हणायचा. आणि बायकोला न विचारता दोस्तांना जेवायला घेऊन यायचा.

हॉर्न वाजला. दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला. राहिला उजव्या बाजूचा आरसा. त्याला तिने रोजच्यासारखाच हात लावला नाही.

डावा आरसा कधीच फुटून गेला होता. हा उजवा मात्र, काकासाहेब गेला त्या दिवशी जसा होता, तसाच होता. कंपनीत, पाळी संपता संपता, त्याच्या छातीत कळ आली आणि तो मशीनपाशीच बसला, तो उठला नाही. तेव्हापासून त्याची आई, भागूबाई, रोज सकाळी पदराच्या टोकाने तो आरसा पुसायची; झोपलेल्या लेकराचे नाक पुसावे तसा, हलू न देता. कुणी हात लावायचा नाय, एवढेच ती एकदा म्हणाली होती. लेकाच्या हातचा म्हणून जपते, असे कुशावर्ताने समजून घेतले.

अडचण एवढीच, की कुशावर्ता गाडीवर बसली की आरशात रस्ता दिसतच नसे. दिसे ते आभाळ, आणि पडेगाव मागे पडले की झाडांचे पळते शेंडे. वर्षभर ती त्या आभाळाशी बोलत ड्यूटीवर जात आली होती. पोरीचा अभ्यास, न आलेला टँकर, सासूचे गुडघे. बोलता बोलता कधी मागच्या सीटवर वजन आल्यासारखे वाटे, आणि ती गुपचूप पुढे सरकून जागा करून देई.

काल मात्र दौलताबादच्या अलीकडे, रस्ता जुन्या वेशीतून जातो तिथे, आरशातले आभाळ एकाएकी काळे झाले आणि मागून आलेला ट्रक तिच्या गुडघ्याला वारा घालत पुढे निघून गेला. ती बाजूला उतरली आणि तटबंदीला टेकून उभी राहिली.

घरी येऊन तिने सासूला सगळे सांगितले, आरसा फिरवावाच लागेल असेही सांगितले. भागूबाई भाकरी थापत राहिली. बाप गेला, पोरीला आई तरी राहू द्या, असे कुशावर्ताच्या तोंडून निघून गेले. त्यावर परातीतला हात थांबला.

आरशाचा नट पावसापाण्याने गंजून बसला होता. म्हणून तिने आज कडूबाला बोलावले होते. तो काकासाहेबाच्याच कंपनीतला, मागच्या गल्लीत राहणारा. प्रत्येक दारातून वाकून आत येणारा उंच माणूस. तो पाना घेऊन आला, तशी भागूबाई बाहेर येऊन गाडीपाशी उभी राहिली आणि तिने आरशावर तळहात ठेवला.

"मावशी, हात काढा. पाना लागंल."

"लागू दे."

कडूबाने पाना पँटीला पुसला. पुसलेलाच परत पुसला. मग त्याने कुशावर्ताला भिंतीकडे बोलावले आणि आवाज खाली आणून सांगितले. त्या दिवशी सगळे काकासाहेबाला घेऊन दवाखान्यात गेले, गाडी स्टँडवर तशीच राहिली. ती घरी त्यानेच आणली होती. आरशातून ऊन डोळ्यावर येत होते.

"मीच फिरवला व्हता, वहिनी. काकासाहेबाचा नाय तो आरसा. माझा हाय."

कुशावर्ताने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. काकासाहेब तिच्याहून चार बोटेच उंच. तेवढ्याने आरशात आभाळ कसे येईल, हा प्रश्न तिला वर्षभर पडला नव्हता. की तिनेच तो पडू दिला नव्हता. आणि टँकरचे गाऱ्हाणे मग ऐकत कोण होते? तिला हसू आले. ते ओढणीत धरून ठेवावे लागले, कारण पुढे ते हसू राहिले नसते.

एक वाक्य सांगितले की काम होणार होते. ती सासूजवळ गेली.

"आत्याबाई, हा आरसा..."

"कडूबाचा हाय," भागूबाई म्हणाली. "ठावं हाय मला."

कडूबा पान्याकडे बघत राहिला. भागूबाईने दोघांकडेही न बघता, तुटक तुटक सांगितले. त्या दिवशी ती आत होती. गाडी गल्लीत वळली. तोच आवाज. तिने लेकासाठी चहा टाकला. चहा उतू जायला आला तेव्हा ती बाहेर डोकावली, तर गाडी उभी होती आणि गाडीपाशी मान खाली घालून कडूबा.

"उकळी येईस्तोवर तो घरी आलता, कुशावर्ता," ती म्हणाली. "तवा आरसा आसाच व्हता."

शेवटी भागूबाईचा हात आरशावरून आपणच घसरला.

"कडूबा, गाडी कोपऱ्यावर ने आन त्या दिवशीवानी घिऊन ये. मंग फिरव."

ती आत गेली. दार तिने लोटून घेतले.

कडूबा काही म्हणणार होता. कुशावर्ताने त्याच्या हातातला पाना घेतला आणि किल्ली पुढे केली. गाडी गल्लीबाहेर गेली, आवाज लांब गेला, विरला. आज लसीकरणाचा दिवस होता, उपकेंद्राबाहेर बाया येऊन बसल्या असतील. आत काडी ओढल्याचा आवाज झाला, भांडे शेगडीवर ठेवल्याचा झाला.

मग गाडी वळली. कोवळे ऊन समोरून आरशाच्या चकचकीत पाठीवर पडले होते. त्या लखलखाटात बसणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता.

"दार नुसतं लोटलंय रं," आतून भागूबाईची हाक आली.

कुशावर्ताने पाना ओढणीखाली घेतला आणि दार सोडून बाजूला झाली.