बोलका चुट्टा

दुपारच्या जेवणानंतर सिरोंच्यातल्या त्या घराच्या ओसरीवर एक निळसर धूर उभा राहत असे, आणि त्या धुरालाही जणू प्रहर होते. प्रारंभी तो सुंठीसारखा बोचरा, नाकाच्या शेंड्याला झिणझिण्या आणणारा. मग मवाळ होत होत वाळत घातलेल्या मोहफुलांच्या गंधाचा. आणि सरतेशेवटी जळक्या गुळासारखा दाट, कडवट, घशाशी रेंगाळणारा. त्या धुराच्या मुळाशी माझे सासरे मलय्या बसलेले असत. डोळे मिटलेले, पाठ खांबाला टेकलेली, आणि चेहऱ्यावर आरती संपल्यानंतर देवळातल्या एखाद्या जुन्या पुजाऱ्यावर उतरते तशी रिती शांतता. मी त्यांना मामाजी म्हणत असे. उभ्या आयुष्यात ते फार थोडं बोलले. जे काही बोलले त्यातलं पुष्कळसं चुट्ट्याविषयी होतं.

चुट्टा म्हणजे अख्ख्या तंबाखूच्या पानांची घट्ट वळलेली, बोटाएवढी जाड गुंडाळी; शहरी माणसाच्या सिगारचा नदीकाठचा भाऊबंद. मामाजी तरुणपणी प्राणहितेवर नाव चालवत. पूल झाला, घाट ओस पडला, तशी त्यांनी नाव उलटी करून ठेवली आणि पूर ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात तंबाखू लावायला सुरुवात केली. पण पान पिकवणं एवढंच त्यांचं काम. पानाचा चुट्टा होई तो माझ्या सासूबाईंच्या, राजक्काच्या, हातून.

राजक्का बुटकी, सावळी, सतत हसऱ्या डोळ्यांची बाई. हेमंतातल्या कोवळ्या उन्हात ती अंगणात मांडी घालून बसे. समोर सुपात पानं, बाजूला वाटीत भाताची पातळ खळ. शेंड्याचं पान तिखट, मधलं गोड, बुडाचं सौम्य, हे त्या गावात कुणीही सांगेल. राजक्का मात्र त्या पानांचे तुकडे एकापुढे एक असे रचत असे की विस्तव जसजसा पुढे सरके तसतशी चव कूस बदले. वळून झालेला चुट्टा ती स्वतः पेटवून पाही, तोही तिकडच्या बायका ओढतात तसा, जळतं टोक तोंडाच्या आत धरून. गालांच्या आत निखारा, ओठांतून झिरपणारी धुराची बारीक रेघ, आणि डोळ्यांत आपलं गणित सुटल्याचा आनंद. प्रत्येक नव्या पानाची परीक्षा तिच्या टाळूवर होत असे. ते पसंत पडलं की मगच त्या पानाचे चुट्टे मामाजींच्या हातात जात.

आणि तो हात! जेवण झालं, चूळ भरली, की मामाजी खांबाला टेकत आणि उजवा हात बाजूला पसरत. न बघता, न मागता. क्षणभरात त्या तळव्यावर चुट्टा येऊन पडे. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरवाडीला गेलो तेव्हा त्या मुक्या देवघेवीत मला दाम्पत्यप्रेमाची केवढी प्रगल्भ कविता दिसली होती! माझी पत्नी सुजाता मात्र तिकडे पाठ करून भांडी घासत होती. तिला त्या हातात काय दिसतं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

राजक्काच्या टाळूवर आधी पांढरा चट्टा उमटला. मग तिला तिखट सोसेना, मग भात गिळवेना, मग नुसत्या पेजेवर दिवस निघू लागले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तिला नागपूरला पाठवलं, नागपूरच्या डॉक्टरांनी घरी. तंबाखूला हातही लावायचा नाही, एवढं बजावून. सुजाता महिनाभर तिच्या उशाशी राहिली आणि आमच्या घरची धानकापणी आली म्हणून सिंदेवाहीला परतली.

कापणी आटोपून आम्ही दोघं पुन्हा सिरोंच्याला गेलो ती दुपारची वेळ होती. अंगणात ऊन पडलं होतं. राजक्का नेहमीच्या जागी बसली होती. जबड्याभोवती पांढरं फडकं बांधलेलं, गाल आत गेलेले, आणि मांडीवर सूप. ती चुट्टा वळत होती. बोटं अजूनही पानाला सुरकुती पडू देत नव्हती. शेजारी अर्धा जळालेला, विझवून ठेवलेला एक चुट्टा होता.

"आई," सुजाता ओरडलीच, "तू अजून हे करून राह्यली?"

राजक्काला नीट बोलता येत नव्हतं. फडक्याआडून शब्द ओले होऊन बाहेर आले. "त्यायले दुसऱ्याचा चालत नाई न, मा."

"अन तू चाखून पाह्यते? या तोंडानं?"

"चाखल्याबिगर कसं समजन?"

मामाजी खांबाला टेकून होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजवा हात पसरलेला होता. लेकीचा आवाज ऐकून त्यांनी तो हळूच मांडीवर आणला, जसं काही तो चुकून तिथे गेला होता. सुजाताने सूप उचललं, नेऊन शेणखताच्या खड्ड्यात रिकामं केलं आणि परत येऊन आईच्या पायांशी बसून राहिली. त्या दुपारी ओसरीवर धूर उठला नाही. पण घरातल्या मडक्यात आधीचे चुट्टे होते, आणि आम्ही निघाल्यावर काय झालं असेल ते सुजाताला न विचारता कळत होतं.

पळस फुलला तेव्हा राजक्का गेली. दिवसकार्य झाल्यावर निघताना सुजाता बापासमोर उभी राहिली. रडून रडून तिचा चेहरा कोरडा पडला होता. "तुमाले आई नोहती पाह्यजे, बापू," ती म्हणाली, "तुमाले चुट्टा पाह्यजे होता." त्यानंतर तिने माहेरचा उंबरा ओलांडला नाही. वर्षातून एकदोनदा मीच जाऊन त्यांची विचारपूस करून येई. ती मला अडवत नसे आणि परत आल्यावर काही विचारतही नसे.

राजक्काने वळून ठेवलेले चुट्टे मामाजींनी कृपणाच्या काटेकोरपणाने पुरवले, पण ते संपायचे ते संपलेच. आणि तेव्हापासून तो अबोल, जागचा न हलणारा माणूस वणवण फिरू लागला. नदीपलीकडच्या तेलंगणातल्या बाजारांत, जंगलातल्या आठवडी बाजारांत, एटापल्लीकडे जाणाऱ्या खडखडत्या गाडीत, कुठे कुणी हाताने चुट्टा वळतं असं कानावर आलं की निघाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून एका हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर फिरलो. बाजाराच्या कडेला एखाद्या दगडावर ते बसत, चुट्टा पेटवत, डोळे मिटत आणि वाट पाहत. साऱ्या बाजाराचा कोलाहल, कोंबड्यांचा कलकलाट, गोंडी आणि तेलुगूची सरमिसळ त्यांच्या भोवतीने वाहत जाई, आणि ते आपल्याच टाळूवर कान लावून बसलेले असत. मग मान हलवत. "मुका हाये, जवाई." पहिल्या झुरक्यापासून अखेरच्यापर्यंत एकच चव सांगणाऱ्या चुट्ट्याला ते मुका म्हणत.

मला तेव्हा त्यांची कणव येई. गेलेल्या बायकोचा मागमूस हा माणूस धुरात शोधतो आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं; आणि सुजाताच्या रागाहून माझी समजूत अधिक उदार आहे, असा एक सूक्ष्म अहंकारही त्यात असावा.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस, नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहानशा बाजारात, सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईपाशी आम्ही थांबलो. पन्नाशीची असेल, तोंडी तेलुगू, गिऱ्हाईक पाहून मराठी. मासळीच्या टोपलीशेजारी फडक्यावर थोडे चुट्टे मांडलेले होते. सकाळ नुकतीच तापू लागली होती. मामाजींनी एक उचलला, पेटवला आणि मोहाच्या बुंध्याशी बसले.

पहिले काही झुरके नेहमीसारखेच गेले. मग त्यांच्या भुवया हलल्या. मी पाहिलं, त्यांचा धूर ओढण्याचा वेग मंदावला, जसा नावाडी प्रवाह बदलला की वल्हं रोखून धरतो. धुराचा वासही पालटला. मिरमिर गेली, काहीसं आंबूस-गोड आलं, मग त्यातूनही भाजलेल्या चिंचोक्यांसारखं खमंग आणखी काही. चुट्टा बोटांशी येऊन भिडला तरी त्यांनी सोडला नाही. बोटं चटका बसून लाल झाली तेव्हा कुठे थोटूक खाली पडलं.

"मामाजी? कसा हाये?"

"बोलते," ते म्हणाले.

मला हर्ष झाला. "आईंच्या हातच्यासारखाच?"

मासळीवरच्या माश्या उठून पुन्हा बसल्या. मग त्यांनी अगदी सपाट आवाजात, जणू नदीच्या पाण्याची खोली सांगावी तसं सांगितलं, "नाई. तिच्याहून चांगला हाये."

त्या माणसाची जीभ खोटं बोलायला शिकलेली नव्हती. हाच त्याच्यावरचा आघात ठरला. मासळीवाली पुढे झुकून म्हणत होती, "घ्या न काका, आणखी देऊ? घरीच वळतो मी, बाजाराच्या बाजाराले येतो." मामाजी उठले. चेहरा राखेसारखा झाला होता. एकही चुट्टा न घेता ते गाडीच्या दिशेने चालू लागले, आणि मोतीबिंदूमुळे की कशामुळे, दोनदा अडखळले. त्यानंतर त्यांनी कधीच तोंडाला चुट्टा लावला नाही.

पुढे त्यांना एकट्याने राहणं जमेना. मी सुजाताला विचारलं, ती म्हणाली, "आणा." आणि ते सिंदेवाहीला आमच्या घरी आले. ती त्यांना वेळेवर जेवायला वाढी, अंघोळीचं पाणी काढून देई, डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर थेंबही तीच घाली. पण बापू म्हणून हाक मारत नसे. शेजारी म्हणत, म्हाताऱ्याने या वयात चुट्टा सोडला, केवढा निग्रह! ती ऐकून घेई आणि कामाला लागे.

एके दुपारी ती परसदारी तांदूळ निवडत बसली होती. मामाजी भिंतीच्या आधाराने तिथवर आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. मी आतून पाहत होतो. त्यांना काहीतरी द्यायचं होतं तिला, आणि त्यांच्यापाशी देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

"सुजी, तुले एक सांगाचं होतं." ते थांबले. "वरच्या बाजारात एक बाई हाये. मासोळ्या इकते. तिचा चुट्टा मले भेटला. तुह्या आईच्याहून चांगला होता. तवापासून मी सोडला."

सुजाताची बोटं तांदळात थांबली. बापाच्या या वाक्यात पश्चात्ताप होता, कबुली होती, कदाचित प्रेमही होतं. हे सगळं तिला ऐकू आलं असेल. पण त्याआधी तिला दुसरंच काही ऐकू आलं.

"वरच्या बाजारात?" ती हळू आवाजात म्हणाली. "सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारी वापस येता येते तिथून."

"हाव."

"मंग माही आई काऊन मेली, बापू?"

कित्येक वर्षांनी तिने त्यांना बापू म्हटलं होतं. मामाजी तसेच उकिडवे बसून राहिले, ऊन सरकून त्यांच्या पावलांवरून भिंतीवर गेलं, आणि सुजाता पुन्हा तांदळातले खडे वेचू लागली. त्यानंतर ते वर्षभर जगले. त्या वर्षात तिने सेवेत तसूभर कमी केलं नाही आणि एका शब्दाचीही भर घातली नाही. ते गेले त्या दिवशी ती रडली नाही. अंथरुणाची घडी केली, खिडक्या उघडल्या, आणि खोली पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

आता आमच्या घरात त्या दोघांचा विषय निघत नाही. ऋतूंमागून ऋतू येतात, गेलेली माणसं दिवसेंदिवस पुसट होण्याऐवजी अधिकच ठळक, अधिकच एकसुरी होत जातात. माझ्या आठवणीत बाजाराच्या कडेला डोळे मिटून बसलेला एक पोरका म्हातारा आहे. सुजाताच्या आठवणीतल्या माणसाला मी ओळखत नाही, आणि माझा म्हातारा तिला मान्य नाही. त्या दोन म्हाताऱ्यांतला खरा कोण, हे एकटी राजक्काच सांगू शकली असती. पण ती होती तोवर तिला कुणी काही विचारलंच नाही, आणि आता विचारण्यासारखं सगळं आमच्यापाशी आहे, फक्त ती नाही.